एका गाण्याची एकच प्रत

कलकत्त्यातला भाद्रपद मला कधीच आवडला नाही. पाऊस संपलेला नसतो आणि ऊन मात्र सुरू झालेलं असतं. कपडे अंगाला चिकटतात, बरणीतलं मीठ गोळा होऊन बसतं, कपाट उघडलं की कुबट वास नाकात शिरतो. मग एखाद्या सकाळी ढग बाजूला होतात, खणखणीत ऊन पडतं आणि आमच्या इमारतीतल्या साऱ्या बायका हातातली कामं टाकून गच्चीवर धावतात. रेशमी साड्या, शाली, उशा, पुस्तकं, सगळं उन्हात. पावसाळाभर कोंडलेल्या वस्तूंना या महिन्यातलं ऊन दाखवायचं, ही इथली रीत. काल शेजारच्या शिखामाशींनी दार वाजवलं. "ओ मेये, मायेर शाडीगुलो रोदे दाओ, पोका धोरबे." आईच्या साड्या उन्हात घाल, नाहीतर कसर लागेल. आईला जाऊन दुसरं वर्ष चालू आहे आणि तिच्या साड्यांची काळजी अजून शेजारी करतात. मी निमूटपणे साड्या वर नेल्या.

साड्या काढल्यावर कपाटाचा खालचा खण उघडा पडला. तिथे पूर्वी कॅसेटी असायच्या. बाबांनी चपलांच्या खोक्यांत उभ्या लावलेल्या, प्रत्येकीच्या कडेवर त्यांच्या ठाशीव अक्षरात आईच्या गाण्याची नावं. आता तिथे एक जुनी इस्त्री आणि न चालणारा टेबलफॅन आहे. कॅसेटी गेल्या तोही भाद्रपदच होता. तेव्हापासून हा महिना लागला की माझं डोकं फिरतं आणि मी बाबांशी विनाकारण तुटक बोलायला लागते. कारण एवढंच की आमच्या घरात आईची भरपूर गाणी आहेत, अगदी नीटनेटकी, आणि त्यांत तिच्या बोलण्याचा एक शब्दसुद्धा नाही.

आई गाणं शिकवायची. बाबा गार्डन रीचच्या रेल्वे ऑफिसात होते, त्यामुळे आधी तिथलं क्वार्टर आणि निवृत्तीनंतर टॉलीगंजचा हा फ्लॅट, दोन्हीकडे संध्याकाळी मुलींचा घोळका असायचा. बँकेत, सरकारी कंपन्यांत बदलीवर आलेली मराठी माणसं आपल्या मुलींना तिच्याकडे पाठवत. नाव गाण्याचं, पण खरं कारण मराठी. मुलगी शाळेत इंग्रजी बोलते, खाली अंगणात हिंदी आणि बंगाली. निदान दोन तास कोणीतरी तिच्याशी मराठीत बोलावं, एवढीच आयांची अपेक्षा. आणि आई बोलायची! गाण्यापेक्षा बोलणं जास्त. सा लावता लावता शेवटी 'सा' राहायचा बाजूला आणि साबुदाण्याला पाणी किती घालावं यावर व्याख्यान व्हायचं. दोन-तीन वर्षांनी वडिलांची पुन्हा बदली झाली की मुलगी निघून जायची. जाताना पाया पडायची आणि आई म्हणायची, "गाणं विसरलीस तरी चालेल, पण पत्रं मराठीतच लिही हं!" पत्रं अर्थातच कोणी लिहीत नसे.

मी इथेच जन्मले, इथेच शिकले, इथल्याच शाळेत भूगोल शिकवते. माझं मराठी टिकलं ते पुस्तकांनी नाही, आईच्या ओरड्याने. "ते 'मला भूक लागलाय' काय गं? भूक लागलाय नाही, लागलीये!" असा स्वयंपाकघरातून आवाज यायचा. तो आवाज कसा होता, हे मला कोणी विचारू नये. जाडसर होता, एवढं म्हणता येईल. शब्दाचा शेवट ती थोडा ओढायची. हे मी लिहू शकते. ऐकू शकत नाही.

कॅसेटी गेल्या त्या वर्षी श्रावणातच तिचा आवाज बसला. मुलींवर ओरडून बसला असेल, असं आम्ही सगळे म्हणालो. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, शिखामाशींनी दिलेला तुळशीचा काढा झाला. ऑगस्टच्या मध्यावर बंगाली भाद्रपद लागला तेव्हा डॉक्टरांनी स्वरयंत्राचा कर्करोग सांगितला. स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. श्वास घ्यायला गळ्यात कायमचं छिद्र राहील. डॉक्टर हे इंग्रजीत सांगत होते आणि आई त्यांच्याकडे नव्हे, बाबांकडे बघत होती. बाहेर आल्यावर ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "गणपती होऊ देत मग." तेवढीच एक अट. डॉक्टरांनी तारीख पुढे ढकलली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी खोकी खाली काढली. काही कॅसेटींवर पांढरी बुरशी आलेली होती. इथल्या दमट हवेत फीत अशीच सडते. शिखामाशी म्हणाल्या, गच्चीवर ठेवा, भादव्याचं ऊन सगळं मारून टाकतं. बाबा घाबरून ओरडलेच, कारण उन्हाने कॅसेटचं प्लॅस्टिक वाकतं. मग पंख्याखाली वर्तमानपत्र पसरून ते स्पिरिटच्या बोळ्याने फीत पुसत बसले. बोटाने चक्र फिरवायचं, इंचभर पुसायचं, पुन्हा फिरवायचं. टेपरेकॉर्डरची वायर कॉम्प्युटरला जोडली. ही कामं घाईने होत नाहीत. तासाभराची कॅसेट कॉम्प्युटरमध्ये उतरायला तासच लागतो, तेवढा वेळ ती वाजावीच लागते. म्हणून तो सबंध भाद्रपद आमच्या घरात आई गात होती. एका खोलीत चांगल्या आवाजात गात होती आणि दुसऱ्या खोलीत घोगऱ्या आवाजात मला सांगत होती की फोडणीत हिंग राहिलाय.

बाहेर दुर्गापूजेच्या मांडवांचे बांबू रस्त्यावर येऊन पडले होते. माशींच्या घरून पिकलेल्या ताडफळांच्या वड्यांचा गोड, जडसर वास येत होता. तो वास आला की मी आजही खिडकी लावून घेते. त्या बिचाऱ्या ताट भरून वडे आणत, "दीदीके दाओ, नरम आछे," म्हणत. वडे मऊ असतात, आईला गिळता येतील, या हिशोबाने आणलेले. आई एक वडा खायची, तोही त्यांच्या समोर.

बाबांची सारी नोकरी मालगाडीच्या डब्यांचा माग ठेवण्यात गेलेली. एका क्रमांकाचे दोन डबे कागदावर आले की कुठेतरी एक गाडी अडकलीच, हे ते जेवतानाही सांगायचे. त्यामुळे आईची गाणी कॉम्प्युटरमध्ये यायला लागली तसे ते अस्वस्थ झाले. एकच अभंग तिने दरवर्षी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत म्हटलेला. एकच भूपाळी घरी रेकॉर्ड केलेली, पुन्हा कोणाला तरी द्यायला कॅसेटवर उतरवून घेतलेली, पुन्हा त्या प्रतीवरून प्रत. माझ्या एका सहकाऱ्याने दुहेरी फाईली शोधून काढणारा प्रोग्राम दिला. बाबांनी तो एकदा चालवून बंद केला. "हा नाव बघतो आणि लांबी बघतो. याला कान कुठे आहेत?" ते म्हणाले. मग स्वतःच दोन्ही प्रती लावून ऐकायचे. जिच्यात खरखर कमी, तबला नीट, मागे बजबजला जाणाऱ्या लोकलचा भोंगा नाही, ती ठेवायची. बाकीच्या काढून टाकायच्या. एका गाण्याची एकच प्रत. बाबा तेव्हा जितके शांत दिसत तितके मी त्यांना आधी किंवा नंतर कधी पाहिलं नाही. आईचं शरीर डॉक्टरांच्या ताब्यात होतं, पण हे काम त्यांच्या हातातलं होतं.

काम बघायला मी त्यांच्या मागे उभी राहायचे. पडद्यावर आवाजाची रेघ उमटते. शांतता असेल तिथे सरळ, गाणं सुरू झालं की डोंगर. त्या डोंगराच्या आधी नेहमी दोन-चार बारीक टेकाडं असायची. ते आईचं बोलणं. रेकॉर्डिंग सुरू झालंय की नाही याचा तिला कधी भरवसा वाटला नाही, त्यामुळे प्रत्येक गाण्याआधी ती विचारायची, "अहो, सुरू झालं का?" कधी "अहो, दार लावा ना, तो मासेवाला ओरडतोय." कधी "अहो, सूर जरा वर द्या." गाणं संपल्यावर पुन्हा, "अहो, बंद करा आता." बाबा माउसने ती टेकाडं धरायचे आणि कापायचे. गाणं गाण्यापासून सुरू व्हायला हवं आणि गाण्यापाशी संपायला हवं.

एका दुपारी आई पदर खोचून त्यांच्या शेजारी येऊन बसली. त्यांनी तिला हौसेने दाखवलं, हे आधी असं होतं, आता बघ किती स्वच्छ झालं. तिने दोन गाणी ऐकली.

"माझं बोलणं सगळं कापलंत की हो," ती म्हणाली. आवाज फाटलेला.

"अगं, गाण्यात मासेवाला कशाला?"

"मासेवाला नको. मी?"

"तू आहेस की. सगळी तूच आहेस."

 ती हसली. "तेराव्याला फोटो पुसून ठेवतात तसं पुसलंत मला," म्हणाली आणि उठून आत गेली. बाबांना वाईट वाटलं, पण तिचं म्हणणं पोचलं नाही. मलाही त्या दिवशी ती बाबांना नेहमीसारखी टोमणा मारतेय असंच वाटलं. आईच्या गळ्यातला आवाज चालू असताना तिच्या बोलण्याची प्रत ठेवावी असं कोणाच्या मनात येणार? मी एकदा मोबाईल पुढे धरला होता. तिने तो हाताने बाजूला सारला. "या आवाजात नको. हा माझा नाही."

मंडळाच्या गणपतीत त्या वर्षी ती गायली नाही. पहिल्या रांगेत बसली आणि बदलून आलेल्या कुठल्याशा अधिकाऱ्याच्या मुलीने म्हटलेल्या आरतीवर ताल धरला. विसर्जनानंतर विश्वकर्मा पूजा आली. त्या दिवशी कलकत्त्याचं आभाळ पतंगांनी भरतं आणि कारखान्यांतून लोक यंत्रांना हार घालतात. बाबांनी इतक्या वर्षांत इथली ही रीत कधी पाळली नव्हती, पण त्या दिवशी टेपरेकॉर्डरला आणि कॉम्प्युटरला कुंकवाचं बोट लावलं. काम पूर्ण झालं होतं. संध्याकाळी खालून "बिक्रीईई" अशी आरोळी आली. भंगारवाला. बाबांनी सगळी खोकी त्याच्या हातगाडीवर ठेवली. बुरशी एकीची दुसरीला लागते आणि आता मूळ ठेवून करायचं काय, सगळं उतरलंय. कॉम्प्युटरमधल्या न कापलेल्या मोठ्या फाईली त्यांनी आधीच पुसल्या होत्या. तेव्हा डिस्कवर जागा थोडी असायची. आई गॅलरीत उभी राहून हातगाडी वळणापर्यंत बघत होती. वर कुठेतरी पतंग कापला गेला आणि पोरांनी "भो काट्टा" म्हणून आरडाओरडा केला.

चार दिवसांनी ऑपरेशन झालं.

त्यानंतर आई बरीच वर्षं जगली. हे चांगलंच झालं, लोकही तसंच म्हणतात, आणि मीही म्हणते. पण ती कशी जगली हे आम्हाला माहीत आहे. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळतं. तिने ते एकदाच लावलं. त्यातून एकसुरी, पत्र्यासारखा आवाज आला, आणि तो ऐकून ती स्वतःच इतकी दचकली की यंत्र परत पेटीत गेलं. मग टाळी वाजवायची, वाटीवर चमचा आपटायची, हाताने खुणा करायची. जिने आयुष्यभर साबुदाण्यावर व्याख्यानं दिली, ती वाटीवर चमचा आपटून मीठ मागायची. बाबा कॉम्प्युटरवर तिची गाणी लावत आणि ती दुसऱ्या खोलीत जाऊन दार लोटून घेई. बाबांना वाटे, तिला गाण्याचं दुःख होतं. मला वेगळं वाटायचं. मला वाटायचं, तिला त्या स्वच्छ गाणाऱ्या बाईचा राग येत असावा.

आणि घरातलं मराठी हळूहळू आटत गेलं. हे कोणाला सांगून कळणार नाही. पुण्यात आई मुकी झाली असती तरी खिडकीतून, जिन्यातून, भाजीवाल्याकडून मराठी घरात आलंच असतं. इथे ते फक्त तिच्या तोंडून यायचं. मी आणि बाबा, दोघेही मुळात कमी बोलणारे. "चहा ठेवू?" "ठेव." "औषध घेतलंत?" "हो." आमच्या घराची भाषा एवढीच उरली. शाळेतून घरी येताना कधी माझ्या लक्षात यायचं की दिवसभरात मी एकही मराठी वाक्य पूर्ण बोललेले नाही. आता कोणी माझं 'भूक लागलाय' सुधारणार नव्हतं.

ती गेल्यावर बाबांना अचानक तिचं बोलणं मनातसुद्धा ऐकू येईनासं झालं. कान त्यांचे चांगले आहेत. एका सकाळी ते माझ्यापुढे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ती मला कशी हाक मारायची गं?"

"अहो म्हणायची."

"ते माहीत आहे. कशी म्हणायची?"

मी म्हणून दाखवायला तोंड उघडलं आणि मिटलं. मुलीने बापाला त्या शब्दाने हाक मारायची, तीही त्या सुरात? आणि तो सूर मला तरी कुठे आठवत होता? बाबा कॉम्प्युटरकडे गेले. त्यांनी प्रत्येक फाईलचं पहिलं आणि शेवटचं टोक ऐकलं. कात्री जरा चुकली असेल, कुठे अर्धा शब्द राहिला असेल. कुठेही राहिला नव्हता. बाबांचं काम पहिल्यापासून चोख. मी दारात उभी होते आणि मला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्याच वेळी त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. दोन्हीतलं काहीच मी केलं नाही.

मग शोध सुरू झाला. मामेबहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ मागवला. त्यात आई दिसते, खूप बोलते, हातवारे करते, आणि वरून सबंध वेळ सनई लावलेली आहे. मंडळातल्या जुन्या लोकांना फोन झाले. निघून गेलेल्या मुलींचे पत्ते काढले. कोणी नाशिकला, कोणी परदेशात. जे बाबा एका गाण्याची दुसरी प्रत घरात ठेवत नसत, ते लोकांना हात जोडून विचारत होते, "आमच्याकडच्या कॅसेटची एखादी प्रत तुमच्याकडे राहिली असेल का? कसलीही चालेल. खराब असली तरी चालेल." लोक चांगले. त्यांनी माळे शोधले. प्रती आल्याही, पण सगळ्या बाबांनी स्वतः मंडळासाठी करून दिलेल्या निवडक गाण्यांच्या. तेव्हाही त्यांनी बोलणं वगळूनच प्रत केलेली.

गेल्या आठवड्यात मुग्धाचा फोन आला. फार पूर्वी इथे शिकायला यायची, वडील बँकेत होते. लहानपणी तिच्याकडे एक सेलवर चालणारा छोटा टेपरेकॉर्डर होता. एकदा शिकवणी सुरू व्हायच्या आधीच तिने तो गंमत म्हणून चालू ठेवला होता. ती कॅसेट सापडली. तिने फाईल करून पाठवली. "काकूंचं बोलणं आहे त्यात, ताई," ती म्हणाली. "गाणं नाहीये, चालेल ना?"

आम्ही दोघं कॉम्प्युटरसमोर बसलो. सकाळची वेळ, गच्चीवर साड्यांसाठी दोऱ्या बांधायचं चाललं होतं. बाबांनी फाईल लावली. खुर्च्या सरकल्याचा आवाज, मुलींची कुजबुज, आणि मग एक बाई बोलायला लागली. पातळ, किनरा, भराभर. जेमतेम दहावीतली मुलगी बोलावी तसा आवाज. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मीही त्यांच्याकडे पाहिलं.

"सेल उतरलेले असणार," ते म्हणाले. "रेकॉर्ड करताना फीत हळू फिरली की वाजताना आवाज चढतो. उतरवता येईल."

पडद्यावर वेगाची एक पट्टी असते, तिच्यावरची खूण डावीकडे सरकवली की आवाज जाड आणि संथ होतो. गाणं असतं, नुसती पेटी वाजली असती, तरी सुरावरून जागा पकडता आली असती. आमची पेटी अजून घरात आहे. पण त्या फाईलमध्ये पेटी नव्हती. नुसतं बोलणं होतं. बाबांनी खूण थोडी सरकवली. एक तरुण बाई बोलली. अजून थोडी. एक चाळिशीची बाई. अजून थोडी, आणि थकलेली, जड जिभेची एक म्हातारी. बाबा पुन्हा उजवीकडे आले. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी होतं आणि त्यातली कोणीही आई असू शकत होती.

"तू सांग," ते म्हणाले. "मला आता खात्री वाटत नाही. तुझे कान तरुण आहेत."

 ते अगदी सावकाश खूण सरकवत होते आणि दर वेळी माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. इथे? इथे? मी डोळे मिटले. आईला आठवायचा प्रयत्न केला आणि मला फक्त चमचा वाटीवर वाजल्याचा आवाज आठवला. बाबा थांबलेले होते. किती वेळ थांबले असते कोण जाणे.

"हं," मी म्हटलं. "इथेच."

बाबांनी लांब श्वास सोडला, फाईल तिथेच साठवली आणि डोळे पुसले. आता रोज सकाळी चहा घेताना ते ती लावतात. मी ओट्याशी पोळ्या लाटत असते. ती बाई मुलींना आधी पाणी प्या म्हणून सांगते, आणि बाबा म्हणतात, "ऐकलंस? अगदी तिचाच."